मालूबाई आणि पाण्यापलीकडची केळ

मालूबाईंची आणि माझी ओळख कंदांच्या ढिगाजवळ झाली. त्याला आता पंचेचाळीस वर्षे होतील. मी दापोऱ्याला सून म्हणून आले आणि त्यानंतरच्या पहिल्याच लावणीला सासूबाईंनी मला कामावर पाठवले. जुन्या बागेतून खणून काढलेले केळीचे कंद शेताच्या कडेला पडलेले होते. त्यांच्या मुळ्या तासायच्या, सडका भाग काढायचा आणि लावणीजोगे कंद वेगळे ठेवायचे, असे ते काम होते. मला विळा कसा धरावा हेही ठाऊक नव्हते. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या हातातला कंद घेतला, उलटा केला, नखाने खरवडला, वास घेतला आणि मागे फेकून दिला.

मी म्हणाले, "चांगला तर होता."

ती बाई म्हणाली, "तो नाही म्हणतोय."

त्या मालूबाई होत. आमच्या प्रौढ वर्गाच्या तृप्तीताईंनी प्रत्येकीला आपल्या माहितीतल्या एका माणसाविषयी खरे खरे लिहून आणायला सांगितले आहे. मी मालूबाईंविषयी लिहीत आहे. त्या स्वतः वर्गात चार दिवस आल्या होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मथुरा, तू शीक. दोघींत एकीला आलं तरी काम भागेल." त्यांचे काम कसे भागले किंवा भागले नाही, ते मी येथे सांगते.

मालूबाईंचे माहेर तुकईथडचे. दापोऱ्यात त्यांना स्वतःची शेती नव्हती. परंतु दापोरा, फोपनार आणि आसपासच्या गावांत केळीची लावणी निघाली की कंद निवडायला त्यांना बोलावणे येत असे. त्या कंद हातात घेत, विळ्याच्या मुठीने त्यावर ठोकत आणि कान देऊन ऐकत. दहांतला एक तरी त्या टाकून देत. कारण विचारले तर त्यांना सांगता येत नसे. शेतकरी चिडत, परंतु टाकलेला कंद पुन्हा उचलून लावण्याचे धाडस कोणी करीत नसे. मी त्यांच्याजवळ बसून इतकी वर्षे कंद तासले, पण मला तो ठोकण्याचा आवाज शेवटपर्यंत कळला नाही. मला सगळे कंद सारखेच वाजत.

दोन वर्षांपूर्वी फोपनारच्या गजाननभाऊंच्या मळ्यात मालूबाईंनी निवडलेले कंद लावले गेले. दोन महिन्यांनी पानांवर पिवळे पट्टे आले. आमच्याकडे त्या रोगाला हरण्या म्हणतात. ज्या झाडाला तो होतो ते उपटून जाळण्याखेरीज उपाय नसतो. गजाननभाऊंनी पूर्ण मळा उपटला. मालूबाई बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. मीही होते. कृषी खात्याचे एक साहेब आले होते. मालूबाईंनी त्यांना विचारले, "साहेब, हा कंदातून आला का?"

साहेब म्हणाले, "कंदातूनही येतो. माव्यामुळेही येतो. किडा एका झाडावरून दुसऱ्यावर बसतो ना."

"या मळ्यात कशानं आला?"

"ते आता सांगता येणार नाही, आजी."

"म्हणजे मी चुकले का नाही चुकले?"

साहेब घड्याळ पाहून गाडीकडे वळले. त्यांना दुसऱ्या गावी जायचे होते. मालूबाईंनी तोच प्रश्न मला परतीच्या वाटेवर तीन वेळा विचारला. मलाही उत्तर माहीत नव्हते, आणि मी माहीत असल्यासारखे बोलले नाही.

गावात मात्र लोकांना उत्तर माहीत होते. मालूबाईंचा हात उतरला, असे बोलले जाऊ लागले. पुढच्या लावणीला त्यांना कोणीही बोलावले नाही. गेल्या दिवाळीच्या आधी गजाननभाऊ स्वतः त्यांच्या घरी आले. ते वाईट मनुष्य नाहीत. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाले, "मालूमाय, जूनच्या मृग बागेसाठी मी आता टिश्यूची रोपं बुक करणार आहे. तुले माहीत असावं म्हणून सांगायला आलो. मागाहून दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं दिसलं नसतं."

मालूबाई म्हणाल्या, "मले एक महिना दे. मी तुले असा कंद आणून दाखवते की त्यात रोग नाही म्हणजे नाही."

"कुठून आणशील?"

"ते मी बघते."

त्या क्षणी त्यांना काहीही ठाऊक नव्हते, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

मालूबाईंचा भाचा भूपेंद्र पिकअप गाडी चालवतो. केळी घेऊन तो खंडव्याकडे व त्यापुढे जात असतो. भाऊबीजेला तो मालूबाईंकडे आला असता त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठ्या धरणाच्या पाण्यापलीकडे एक सरकारी जंगल आहे. तेथे रस्ता जात नाही, नावेनेच जावे लागते. त्या जंगलात खडकांच्या मधोमध केळ उभी होती. तिला पाणी देणारा कोणी नव्हता आणि खत घालणाराही कोणी नव्हता. मालूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"भुप्या, हे पान मोठं कर."

त्याने बोटांनी चित्र मोठे केले.

"एक पट्टा नाही," मालूबाई म्हणाल्या. "मथुरा, बघ. एक पट्टा नाही."

मी पाहिले. पट्टा नव्हता. त्यांचा विचार मला तेव्हा अगदी बरोबर वाटला. जिथे माणूस पोहोचला नाही तिथे आपला रोगही पोहोचला नसेल. तिथल्या केळीच्या बुडाशी पिले, म्हणजे कंदातून बाजूला फुटलेले कोंब, असतील. तलवारीसारख्या उभ्या पानाचे एक पील निवडून त्याचा कंद आणावा, दोन वर्षांत त्याचे दहा होतील, आणि मालूबाईंचा हात उतरलेला नाही हे गजाननभाऊंना दिसेल. केळीच्या मुलुखात जन्म काढलेल्या आम्हा दोघींना यात शंका घ्यावी असे काहीच दिसले नाही. ज्या भाच्याने केळी वाहण्यात पंधरा वर्षे घालवली त्यालाही दिसले नाही.

आम्ही मंगळवारी पहाटे निघालो. मालूबाईंनी कंद गुंडाळायला ओले बारदान, सुतळी आणि आपला विळा पिशवीत घेतला होता. खंडव्यापुढे भूपेंद्र दोनदा रस्ता चुकला. मोबाइलमधली बाई उजवीकडे वळा म्हणत होती आणि उजवीकडे पाणी होते. शेवटी एका चहावाल्याने हाताने वाट दाखवली आणि साडेदहाच्या सुमारास आम्ही नावेच्या घाटावर पोहोचलो.

तेथे एका खिडकीत नोंदवही होती. प्रत्येकाने नाव, वय, गाव आणि येण्याचे कारण लिहायचे होते. भूपेंद्र गाडी लावायला गेला होता. म्हणून ती वही माझ्यापुढे आली. मी मालूबाईंना वय विचारले.

"कार्डावर काय आहे?"

कार्डावर एक जानेवारी होती आणि सत्तर वर्षे होत होती. मी सत्तर लिहिले. नंतर कारण लिहायचे होते.

"कंद आणायला, असं लिही," मालूबाई म्हणाल्या.

मागून भूपेंद्र आला. "मावशी, असं लिहिलं तर आपल्याला घरी पाठवतील. काकू, पर्यटन लिहा. सगळे तेच लिहितात."

मला पर्यटन लिहिता येत होते, परंतु आम्ही त्यासाठी आलो नव्हतो. कंद लिहिले असते तर परत जावे लागले असते. मी बराच वेळ पेन धरून उभी राहिले. मागच्या रांगेतली माणसे कुरकुरू लागली. अखेर मी "केळ पाहणे" असे लिहिले. ते पूर्ण खोटे नव्हते.

पुढे पिशव्या तपासत होते. तेथल्या शिपायाने मालूबाईंचा विळा काढून घेतला आणि त्यांच्या हातात पत्र्याचा बिल्ला दिला. मालूबाई म्हणाल्या, "हा काय कोणाला मारायचा नाही. हा कामाचा आहे." शिपायाला मराठी कळत नव्हती. तो म्हणाला, "वापसी में ले जाना, माताजी." मालूबाईंनी बिल्ला पदराच्या टोकाला बांधला.

घाटावर मोठा फलक होता. मालूबाईंनी विचारले, "काय लिहिलंय?"

मी सगळे वाचले. जंगलातून काहीही तोडू नये, उचलू नये व बाहेर नेऊ नये, असे त्यावर होते. मी त्यांना तसेच सांगितले. लपवावे, असे एक क्षण मनात आले होते, ते मी मान्य करते.

मालूबाईंनी विचार केला. "पील तोडत नसतात," त्या म्हणाल्या. "पील वेगळं करतात. नाही केलं तर आईचा घड बारीक होतो. तठी जंगलात कोण करत असेल? उलट झाडाले बरंच वाटेल."

हे मला पटले. आमच्याकडे मळ्यातली जादा पिले दर पंधरा दिवसांनी काढतात. ते नुकसान मानले जात नाही. तरीही फलकाची अक्षरे माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या.

नाव चालवणाऱ्याचे नाव कडू होते. तो बऱ्हाणपूरकडचाच निघाला, त्यामुळे त्याला आमची बोली येत होती. आमच्याबरोबर जंगलाची एक वाटाड्या मुलगी होती. तिचे नाव लीला. नाव घाटापासून दूर गेल्यावर मालूबाईंनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कडूभाऊ, वरची बाजू कोणती?"

"कशाची वरची, माय?"

"पाण्याची. येतं कुठून, जातं कुठी?"

"हे धरणाचं पाणी आहे. हे आता कुठी जात नाही."

"तापीत तर लगेच समजतं."

"तापी नदी आहे, माय. हीपण होती."

पाण्यातून सागाची वाळलेली खोडे वर आलेली होती. त्यांवर काळे पक्षी बसले होते. मालूबाईंनी विचारले, पाण्यात झाडे कोणी लावली. कडू म्हणाला, झाडे आधी होती, पाणी मागून आले. भूपेंद्र हसू लागला. मालूबाई हसल्या नाहीत. काठ कोणता आणि बेट कोणते हेही थोड्या वेळाने आम्हाला समजेना. ज्या टेकडीकडे आपण जात आहोत असे मला वाटे ती मागे राही आणि दुसरीच समोर येई. मी सूर्य पाहून दिशा धरण्याचा प्रयत्न केला, परंतु नाव वळत होती.

"घाबरू नको, मावशी," भूपेंद्र म्हणाला. "कडूभाऊला रस्ता पाठ आहे."

"रस्ता असता तर मलेही पाठ झाला असता," मालूबाई म्हणाल्या. "अठी पाण्यात खूण कुठी आहे?"

कडू म्हणाला, "खुणा सगळ्या खाली आहेत, माय."

पलीकडे उतरल्यावर लीला पुढे चालू लागली. तिने नोंदवहीतले आमचे कारण पाहिले होते. ती हसून म्हणाली, "लोग बाघ देखने आते हैं. आप केला देखने आई हो, दादी?" मालूबाई म्हणाल्या, "वाघ लोकांले दाखव, मले केळ दाखव." लीलाला ते समजले की नाही, ते मला कळले नाही. परंतु वाटेत तिने हरिणाचे ठसे दाखवले तेव्हा मालूबाई थांबल्या नाहीत. भूपेंद्र एकटाच ठशांचे फोटो काढत मागे राहिला.

अर्धा तास चढ चढल्यावर काळ्या खडकांचा उतार लागला. तेथे ती उभी होती. एक नव्हे, सहा-सात झाडे होती. खोड बुडाशी आमच्या केळीपेक्षा जाड होते. पाने रुंद आणि उभी होती. दोन झाडांना घड लागलेले होते आणि त्यांखाली तांबड्या पाकळ्यांचे मोठे कमळ, म्हणजे केळफूल, लोंबत होते. मालूबाईंनी पान उन्हाकडे धरून पाहिले. दुसरे पाहिले, तिसरे पाहिले. पट्टा नव्हता. त्यांचा चेहरा दोन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

मग त्या पहिल्या झाडाच्या बुडाशी बसल्या आणि हातांनी पाचोळा बाजूला केला. पील नव्हते. दुसऱ्या झाडाशी गेल्या. तेथेही नव्हते. मी तिसरे आणि चौथे पाहिले. बुडाशी माती होती, दगड होते, मुळ्या होत्या. पील नव्हते.

"आधीच कोणी काढून नेली," मालूबाई म्हणाल्या.

लीला म्हणाली, "यहाँ कोई नहीं आता, दादी."

"मग ही झाडं कोणी लावली?"

मागून येऊन पोहोचलेल्या भूपेंद्रने तो प्रश्न हिंदीत सांगितला. लीला म्हणाली, "बीज से होता है."

मालूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "बी म्हणते आहे."

"केळीले बी नसतं," मालूबाई म्हणाल्या. लहान मुलाला सांगावे तसे त्यांनी ते शांतपणे सांगितले.

लीलाने वाद घातला नाही. तिने खडकाच्या फटीतून एक सुकलेले फळ काढले आणि दोन बोटांनी फोडले. आत गर जवळजवळ नव्हताच. काळ्या, वाटाण्याएवढ्या बिया गच्च भरलेल्या होत्या. मालूबाईंनी एक बी दाताखाली धरली. ती फुटली नाही. त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि आम्ही तिघे त्या बीकडे पाहत राहिलो. मी आयुष्यभर केळी खाल्ली, तासली, लावली आणि वाहिली. केळीची बी मी कधी पाहिली नव्हती. ती असते हे मला कोणी सांगितले असते तर मी त्या माणसाला केळीतले काही कळत नाही असे समजले असते.

"मग ही केळ नाही," मालूबाई म्हणाल्या.

"केळच आहे, मावशी. पान बघ ना."

"पान केळीचं. खोड केळीचं. कमळ केळीचं." त्यांनी घडाकडे पाहिले. "घड काढल्यावर हिचं काय होतं?"

लीलाने सांगितले की घड पिकला की झाड पूर्ण मरते. मागे काहीच राहत नाही. बिया पडतात, माकडे खातात, त्यांतून कुठेतरी नवे झाड येते. कुठे येईल ते कोणाला ठाऊक नसते.

"आणि हिले रोग झाला तर बीत जातो का?"

लीला म्हणाली, तिला माहीत नाही. तिने वनखात्याच्या साहेबांना विचारून सांगते असे कबूल केले. ती मुलगी प्रामाणिक होती.

मालूबाईंनी मग एक गोष्ट केली. हातातली बी त्यांनी झाडापासून दोन हातांवर मातीत टेकवली, अंगठ्याने आत दाबली आणि वर माती ओढली. लीला चटकन पुढे आली. "दादी, दबाना भी नहीं है. जहाँ था वहीं छोड़ना है."

"मी नेत नाही. लावते आहे."

"लगाना भी मना है."

भूपेंद्र म्हणाला, "मावशी, इथं आपण काहीच करायचं नसतं. फक्त बघायचं असतं."

मालूबाईंना हे समजायला वेळ लागला. मलाही लागला. तोडू नये हे मला समजले होते. लावूही नये, हे फलकावर नव्हते, किंवा असल्यास मी ते वाचले नव्हते. मालूबाईंनी माती उकरली, बी शोधून काढली, पदराला पुसली आणि खडकाच्या फटीत जिथून फळ निघाले होते तिथे परत ठेवली. उठताना त्यांनी माझा खांदा धरला. एरवी त्या कोणाचा आधार घेत नाहीत.

परतीच्या नावेत त्यांनी पाण्यात हात घातला नाही. त्या म्हणाल्या, "मथुरा, तुले काय समजलं?"

"मला काही समजलं नाही."

"मलेही नाही. रोग नव्हता, ते तर खरं ना?"

"ते खरं."

"आणि पील नव्हतं, तेही खरं."

"तेही खरं."

"मग आपण गजाननले काय सांगायचं?"

मी सांगितले की जे पाहिले ते सांगावे. कडूने मध्येच विचारले, केळ दिसली का. भूपेंद्र म्हणाला, दिसली. कडू म्हणाला, "मग झालं काम." घाटावर बिल्ला देऊन मालूबाईंनी विळा परत घेतला, धारेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि पिशवीत ठेवला. बारदान सकाळपासून ओले होते. ते त्यांनी घाटावर पिळले.

दोन दिवसांनी आम्ही फोपनारला गेलो. गजाननभाऊ मळ्यात ठिबकची नळी जोडत होते. मालूबाईंना पाहताच म्हणाले, "ये माय. जंगलातून काय आणलं? वाघ तर नाही ना आणला?"

"काही नाही आणलं," मालूबाई म्हणाल्या, आणि पाहिले तसे सगळे सांगितले. पट्टा नव्हता हे सांगितले, पील नव्हते हे सांगितले, बी फुटली नाही हेही सांगितले. गजाननभाऊ काम सोडून ऐकत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "खरंच बी होती, काकू?" मी म्हणाले, "मी स्वतः पाहिली." त्यांनी मान हलवली, परंतु ती मान विश्वासाची होती की नाही ते मला सांगता येणार नाही.

मग ते म्हणाले, "माय, मी रोपं बुक करून टाकली. महिना झाला नव्हता, पण नंबर मागं गेला असता. मनावर घेऊ नको."

मालूबाईंनी मनावर घेतले की नाही हे त्यांच्या तोंडावरून दिसले नाही. त्यांनी विचारले, "ती रोपं कंदाची असतात का बीची?"

"दोन्हीची नाही. बाटलीत वाढवतात. झाडाचं इतलंसं टोक घेतात आणि त्याची हजार रोपं करतात. मग पिशवीत लावून आपल्याला देतात."

"आईच्या बुडाशी नाही?"

"आई लांबच राहते, माय."

"आणि रोग नाही हे कोण बघतं?"

"मशीन बघतं. त्याचा कागद येतो."

मालूबाई मळ्याकडे पाहत राहिल्या. तेथे दोन वर्षांपूर्वी उपटलेल्या झाडांच्या जागी आता हरभरा होता. केळ कंदाची असते, बीची असते आणि बाटलीचीही असते, हे एका आठवड्यात त्यांच्यापुढे आले होते. त्यांपैकी एकीचीच भाषा त्यांना येत होती. त्यांचा हात खरोखर उतरला होता का, हे त्या दिवशीही कोणी सांगू शकले नाही. गजाननभाऊंनी चहाचे विचारले. मालूबाई नको म्हणाल्या आणि निघाल्या. बांधापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या व गजाननभाऊंना म्हणाल्या, "रोपं येतील त्या दिवशी मले निरोप दे. लावायच्या आधी एक पिशवी फाड आणि मले त्याचं मूळ हातात घेऊन बघू दे."